नोकरी सांभाळून पदवी: श्रेयांक, परीक्षा आणि मुक्त विद्यापीठाचा रस्ता

आपल्या वस्तीत असा माणूस शोधावा लागत नाही. बारावी झाली, घरची परिस्थिती आडवी आली, मग कंपनीत लागला. कुणी डिलिव्हरी करतो, कुणी सिक्युरिटीत बारा तासांची ड्युटी करतो, कुणी अंगणवाडी सांभाळते. जयंतीचे नियोजन, मोर्चा, वस्तीतल्या लोकांचे दाखले अशा कामात हाच माणूस पुढे असतो. भरतीची जाहिरात निघते, ‘शैक्षणिक पात्रता: कोणत्याही शाखेची पदवी’ असे त्यात लिहिलेले असते आणि तिथे तो थांबतो. अंगणवाडी सेविकेला पर्यवेक्षिका व्हायचे असेल तरी अडचण तीच.

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे अशा तरुण-तरुणींना प्रवेशाचे फॉर्म भरून देण्यापासून परीक्षेपर्यंत मदत करत आलो आहोत. या काळात एक गोष्ट पक्की कळली. आपली माणसे अभ्यासात कमी पडून मागे राहत नाहीत. ती चुकीच्या ठिकाणी प्रवेश घेऊन, तारखा चुकवून आणि अर्धवट माहितीवर पैसे घालवून मागे राहतात. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

बाबासाहेबांचेही शिक्षण मध्येच थांबले होते

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्या यादीतला एक खंड मात्र फारसा सांगितला जात नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची मुभा त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी केली आणि पगारातून पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची त्यात भर पडली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

म्हणजे शिक्षण मध्ये थांबले, नोकरी करावी लागली, मुदत डोक्यावर होती, तरी जिथे सोडले होते तिथून त्यांनी पुढे सुरू केले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळच्या वर्गांची सोय होती. कामकरी माणसाच्या वेळेप्रमाणे शिक्षणाने वळले पाहिजे, हा विचार आपल्याकडे असा जुना आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी पदवी म्हणजे एक आख्खे वर्ष पास किंवा नापास असा मामला होता. आता पदवीचे छोटे छोटे भाग केले आहेत. प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक असतात. त्यालाच आपण क्रेडिट म्हणतो. पेपर पास झालात की त्याचे श्रेयांक तुमच्या नावावर जमा होतात. एखादा पेपर राहिला म्हणून जमा झालेले श्रेयांक जात नाहीत. राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेत देता येतो.

नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६०. मध्येच थांबावे लागले तरी हात रिकामे राहू नयेत, अशी व्यवस्था आहे. सुमारे ४० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि ८० नंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी कौशल्याचा एक जादा अभ्यासक्रम करावा लागतो. पुढे परत येऊन उरलेले पूर्ण करता येते.

जमा झालेले श्रेयांक ठेवण्यासाठी २०२१ पासून ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. तिचे खाते डिजिलॉकरमधून विनामूल्य उघडता येते. त्यात तीन नियम लक्षात ठेवा. श्रेयांक कायम टिकत नाहीत, त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची असते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना श्रेयांक नेता येतात, पण ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची आहे तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. आणि खात्यात श्रेयांक टाकण्याचे काम संस्थेचे असते, तुमचे नाही. म्हणून निकालानंतर ते खरेच जमा झाले का, हे स्वतः पाहायचे.

आधी बारावीचा प्रश्न सोडवा

ज्यांची दहावी किंवा बारावी राहिली आहे त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसणे. दुसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. तिसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. एनआयओएसमध्ये एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पाच विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एकेक विषय सोडवता येतो. मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत नापास झाला असाल तर पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे धरून घेता येतात.

‘बारावीची गरज नाही, थेट पदवी करा’ असे कुणी सांगितले तर आधी थांबा. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला वकील व्हायचे होते. वस्तीतल्या खोट्या केसेस लढायच्या, हे त्याचे ठरलेले होते. बारावी न करता त्याने थेट पदवी घेतली आणि लॉच्या प्रवेशाला अडकला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पायाभूत शिक्षण नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी लॉच्या प्रवेशासाठी चालत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी, असा क्रम असेल तर अडचण येत नाही. त्याने पुढे बारावी केली, पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत किमान टक्केवारीही लागते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. ज्यांना चळवळीसाठी वकील व्हायचे आहे त्यांनी नुसते पास होण्यावर समाधान मानू नये.

कुठे प्रवेश घ्यायचा?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांसाठी दोन मोठे आणि खात्रीचे पर्याय आहेत.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले. त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्यातालुक्यात आहेत. बी.ए., बी.कॉम. सारखे अभ्यासक्रम मराठीतून करता येतात, पुस्तकेही मराठीत मिळतात. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे किंवा जे खेड्यात राहतात त्यांना हे सोयीचे पडते.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झाले. त्याची प्रादेशिक केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा होतात. माध्यम मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी आहे. कामानिमित्त राज्याबाहेर बदली होणाऱ्यांना इग्नू बरे पडते.

मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीची पदवी दुय्यम आहे, असे अजूनही ऐकावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागणाऱ्या एमपीएससी किंवा यूपीएससीच्या परीक्षांना ती चालते. एमपीएससीच्या बहुतेक पदांना मागासवर्गीयांची वयोमर्यादा ४३ वर्षे आहे. तिशीत पदवी सुरू करणाऱ्याची वेळ गेलेली नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वैद्यक, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी आणि वकिली हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येत नाहीत. ‘घरबसल्या एलएलबी’ किंवा ‘पत्राने नर्सिंग’ म्हणणारा तुम्हाला फसवत आहे.

‘एका बैठकीत पदवी’चा सापळा

अमेरिकेत एक वेगळी पद्धत आहे. तिथे कॉलेज बोर्ड ही संस्था १९६७ पासून ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा घेते. विषय तुम्ही कुठेही शिका, कामावर शिका, वाचनालयात शिका. साधारण दीड तासाची परीक्षा पास झालात की त्या परीक्षा मान्य करणारे कॉलेज वर्गात न बसता त्या विषयाचे श्रेयांक देते. नोकरी करणारी प्रौढ माणसे असे श्रेयांक जमवून पदवीचा काळ आणि खर्च कमी करतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी आपापल्या कॉलेजात ही सोय आहे का, ते जरूर विचारावे.

आपल्याकडे मात्र नुसती परीक्षा देऊन पदवी पुरी करण्याची अशी व्यवस्था नाही. तरीही ‘सिंगल सिटिंग’, ‘एका वर्षात पदवी’, ‘मागच्या तारखेची मार्कशीट’ असे बोर्ड शहरोशहरी दिसतात. आमच्यातल्या एका ताईंनी गळ्यातले मोडून अशा एका एजंटला पैसे दिले. कागद हातात आला, पण नोकरीच्या पडताळणीत तो खोटा निघाला. नोकरी मिळाली नाहीच, वर गुन्हा आपल्यावर तर येणार नाही ना, या भीतीत त्यांनी कित्येक महिने काढले.

म्हणून पैसे देण्याआधी एवढे तपासा.

- यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षासाठी आहे का? विद्यापीठ मान्य आहे म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही.
- परराज्यातल्या विद्यापीठाचे ‘सेंटर’ तुमच्या गल्लीत उघडले आहे का? दूरस्थ अभ्यासक्रमांना हद्द असते. राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असे वर्ग चालवता येत नाहीत आणि फ्रँचायझी देण्यालाही मनाई आहे.
- फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते आहे का? एजंटच्या नावावर पैसे भरू नका.
- दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी २०२४ पासून डीईबी आयडी लागतो. तो स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या आधारने, स्वतः काढा. दुसऱ्याचा नंबर टाकला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

वेळेचा हिशोब

‘वेळ मिळत नाही’ ही तक्रार खरी आहे. पण हिशोब मांडला तर ती आटोक्यात येते. इग्नूच्या मोजणीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे १२० तास. १२० श्रेयांकांची पदवी म्हणजे ३,६०० तास.

हे तीन वर्षांत करायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास लागतात, म्हणजे रोज सव्वातीन तास. बारा तास ड्युटी करणाऱ्याला ते झेपणार नाही. पण मुक्त विद्यापीठात किमान काळाच्या साधारण दुप्पट मुदत मिळते. सहा वर्षांत वाटले तर आठवड्याला साडेअकरा तास होतात. रोज सकाळी एक तास आणि सुटीच्या दिवशी साडेपाच तास. एवढे कंपनीत काम करणाऱ्यालाही जमू शकते.

म्हणून आम्ही सांगतो की सगळे पेपर एकदम द्यायचा हट्ट धरू नका. एका परीक्षेला दोन किंवा तीन पेपर घ्या, पण ते पक्के सोडवा. इग्नूत पहिल्या वर्षाचे पेपर राहिले तरी दुसऱ्या वर्षाची नोंदणी करता येते. या सोयीचा आधार घ्यावा, पण तिच्या भरवशावर बॅकलॉगचा डोंगर करू नये.

सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून विनामूल्य अभ्यासक्रम आहेत. परीक्षेची फी वेगळी असते. तुमच्या विद्यापीठाची मान्यता असेल तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात. पण आधी अभ्यासकेंद्रात विचारा आणि लेखी उत्तर घ्या. आधी परीक्षा आणि मग चौकशी केली तर मेहनत वाया जाण्याची भीती असते.

आपली माणसे नेमकी कुठे अडकतात?

स्वाध्याय: इग्नूत साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना असतात आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला. दोन्हीत वेगवेगळे पास व्हावे लागते. पेपर चांगला गेला आणि स्वाध्याय दिलाच नाही, म्हणून विषय अपूर्ण राहिलेले कितीतरी जण आम्हाला भेटतात. स्वाध्याय दिल्याची पावती जपून ठेवा.

परीक्षेचा फॉर्म: प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असे होत नाही. इग्नूत तो वेगळा भरावा लागतो आणि त्याची फीही वेगळी असते. हॉल तिकीट आले नाही म्हणून धावपळ करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो भरलेलाच नसतो.

नाव: आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक खाते यांवर नाव वेगवेगळे असेल तर प्रत्येक पायरीवर अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांना याचा जास्त त्रास होतो. प्रवेशाआधी दुरुस्ती करून घ्या, गरज असेल तर राजपत्रात नोंद करा.

जातीचा दाखला: १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलतीही लागू आहेत. राज्याचा आणि केंद्राच्या नमुन्यातला, असे दोन्ही दाखले काढून ठेवा. इग्नूत काही अभ्यासक्रमांना अनुसूचित जाती-जमातींसाठी फीमाफीची सोय असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला काय लागू आहे ते फी भरण्यापूर्वी विचारा, नंतर नाही.

तारखा: चळवळीतल्या माणसासाठी हे खास सांगतो. इग्नूच्या डिसेंबरच्या परीक्षा ६ डिसेंबरच्या आगेमागे सुरू होतात आणि जूनच्या परीक्षेची तयारी एप्रिलच्या जयंतीच्या धामधुमीत येते. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर दोन्ही तारखा लिहा. जयंती कमिटीत ज्यांची परीक्षा आहे त्यांच्याकडे त्या वर्षी हलके काम द्या. परीक्षेसाठी एखादा कार्यक्रम चुकला म्हणून कुणाच्या निष्ठेवर बोट ठेवू नका.

विहारात काय करता येईल?

एकट्याने हा रस्ता लांबचा वाटतो. पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी जे गळतात ते बहुतेक एकटे पडलेले असतात, असे आम्ही पाहिले आहे. घरात जागा नाही, शंका विचारायला कुणी नाही, फॉर्मची तारीख सांगणारे कुणी नाही.

विहार आपल्याकडे आहे. वर्षावासाचे तीन महिने तिथे ग्रंथवाचन होते. जुलैचे प्रवेशही त्याच सुमाराला सुरू असतात. वाचनानंतरचा एक तास त्याच सभागृहात अभ्यासाला ठेवला तर वेगळ्या जागेचा प्रश्न उरत नाही. एका फळ्यावर प्रवेश, स्वाध्याय आणि परीक्षेच्या तारखा लिहा. जुनी पुस्तके आणि मागच्या प्रश्नपत्रिका एका कपाटात ठेवा. पदवी झालेल्या एकाने पुढच्या दोघांची जबाबदारी घ्यावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग परीक्षेच्या फीसाठी बाजूला काढायचा ठराव करायला कुणाची हरकत नसावी. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात किती जणांची फी भरते, याचा हिशोब प्रत्येक कमिटीने स्वतः मांडून पाहावा.

महिलांसाठी वेळ ठरवताना त्यांना विचारा. रात्री नऊचा वर्ग पुरुषांना सोयीचा असतो, स्वयंपाक आणि मुले सांभाळणाऱ्या ताईंना नाही. दुपारी तीनला वर्ग ठेवला आणि मुलांना बसायला कोपरा दिला तर त्या येतात, हा आमचा अनुभव आहे.

पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळालीच, असे आम्ही सांगणार नाही. पण पदवी नाही म्हणून अर्जच करता येत नाही, ही अडवणूक तरी दूर होते. बाबासाहेबांनी चार वर्षांची मुदत संपण्याआधी परत जाऊन अभ्यास पुरा केला. तुमच्यापैकी ज्यांचा एखाद-दुसरा पेपर राहिला आहे, त्यांनी या आठवड्यात जुनी मार्कशीट शोधावी, जवळच्या अभ्यासकेंद्रात जावे आणि आपली नोंदणी अजून चालू आहे का, एवढे विचारून यावे. पुढचा फॉर्म आपण विहारात बसून भरू.

जय भीम! नमो बुद्धाय!